स्ट्रोकनंतरचं ‘इन्फ्लमेशन पॅकेज’: अर्धं घ्या, अर्धं सोडा

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबच्या काउंटरवर शुगर, थायरॉईड, ‘फुल बॉडी’ यांच्या जोडीला आता आणखी एक पॅकेज दिसतं. कुठे ‘स्ट्रोक रिकव्हरी प्रोफाइल’, कुठे ‘ब्रेन इन्फ्लमेशन पॅनल’. नाव काहीही असो, माल तोच. लकवा मारून गेलेल्या पेशंटच्या रक्तात सूज किती आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (आक्रमक रेणूंनी पेशींना होणारी इजा) किती, ते मोजून देतो असा दावा. घरी येऊन रक्त नेतात, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पैसे पाच हजारांच्या घरात. इथे परीक्षण आहे ते अशाच एका पॅकेजचं. लॅबचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. यातले बरेचसे दोष त्या एका लॅबचे नाहीत, तपासण्यांच्या स्वभावातलेच आहेत. दुसऱ्या लॅबचं रेटकार्ड उघडलं तरी तेच सापडतील.

पॅकेजमध्ये अकरा तपासण्या. सीबीसी, ईएसआर, एचएस-सीआरपी, फेरिटिन, फायब्रिनोजेन, आयएल-६ आणि होमोसिस्टीन हा सुजेचा भाग. एमडीए, एसओडी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा. निकाल आधीच सांगून टाकतो: पहिल्या सातांतल्या चार कामाच्या, त्याही योग्य वेळी केल्या तर. शेवटच्या चार प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला द्याव्यात, घरच्या पेशंटवर त्यासाठी पैसे घालू नयेत.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. तोंड वाकडं झालंय, हात गळालाय, बोलणं अडखळतंय, अशा वेळी हे पॅकेज कामाचं नाही. कुठलंच पॅकेज कामाचं नाही. रक्ताच्या कुठल्याही तपासणीवरून गुठळी आहे की रक्तस्राव, हे आज खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते सुरू करण्याआधी प्रत्येकाची बघायलाच हवी अशी रक्ताची तपासणी एकच: शुगर. (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं) वगैरे बघतात, तो वेगळा भाग.) तेव्हा होम कलेक्शनचा स्लॉट शोधत बसू नका, १०८ लावा.

वेळ चुकली की आकडा वाया

पॅकेजच्या जाहिरातीत ‘स्ट्रोकनंतर कधीही’ असं लिहिलंय. सगळ्यात मोठी चूक हीच.

मेंदूचा तुकडा मेला की तिथल्या पेशी आयएल-६ सारखे निरोपे रक्तात सोडतात, ते यकृताला पोचतात आणि यकृत सीआरपी हे सुजेचं प्रथिन बनवायला लागतं. सहा ते आठ तासांत आकडा चढू लागतो, ४८ तासांच्या आसपास शिखर गाठतो. सीआरपीचं अर्धायुष्य १९ तासांच्या आसपास, म्हणजे सुजेचं कारण मिटलं की आकडा झपाट्याने खाली यायला हवा. आता गंमत बघा: चौथ्या-पाचव्या दिवशी तो खाली येण्याऐवजी परत उसळला, तर बहुतेक वेळा त्याचा मेंदूशी संबंध नसतो. गिळता येत नाही म्हणून पाणी श्वासनलिकेत गेलं आणि न्यूमोनिया झाला, लघवीच्या नळीला जंतू लागले, नाहीतर कमरेवर जखम झाली. हे ओळखायला वॉर्डात साधा सीआरपी, सीबीसी आणि छातीचा एक्स-रे पुरतो. पहिल्या दोन आठवड्यांत ‘एचएस’ काढून घेणं म्हणजे तांदळाचं पोतं सोनाराच्या काट्यावर ठेवणं.

‘एचएस’ म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी. रेणू तोच, फक्त बारीक आकडा नीट वाचणारी पद्धत. ती उपयोगी पडते ती धूळ खाली बसल्यावर, म्हणजे स्ट्रोकला दोन-तीन महिने होऊन गेल्यावर. तेव्हा प्रश्न बदललेला असतो: रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कायमची मंद सूज आहे का? २००३ पासून वापरात असलेली विभागणी सोपी आहे. लिटरमागे १ मि.ग्रॅ.च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर धोका मोजायचा नाही, आधी संसर्ग शोधायचा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा करायचा. मुळात एका आकड्यावर विसंबायचंच नाही. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी धरायची. पॅकेज एकदाच करतं. दुसऱ्यांदा हवं असेल तर अख्खं पॅकेज परत घ्या म्हणतात, जे निव्वळ चावटपणाचं आहे.

नागपुरात या आकड्याला बिघडवणाऱ्या गोष्टी भरपूर. पावसाळ्यानंतर डेंग्यू-चिकनगुनियाची साथ असते; ताप येऊन गेला असेल आणि सांधे अजून धरलेले असतील तर महिनाभर तरी थांबा. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात हिरड्या सुजलेल्या, गालाची आतली बाजू सोललेली, आणि हिरड्यांचा आजार सीआरपी वाढवतो. अशा पेशंटचा ४.२ आला तर मानेच्या धमनीआधी तोंडात टॉर्च मारा. लठ्ठपणा, बिडी-सिगारेट, संधिवात, कुजकी दाढ, पायाची न भरणारी जखम, हे सगळे त्याच आकड्यात सामील असतात. उलट अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ गोळ्या) चालू असेल तर आकडा औषधानेच खाली आलेला असतो. रिपोर्टच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा रकानाच नाही. असायला हवा होता.

एकक नक्की बघा. हा रिपोर्ट लिटरवर आहे, पण वॉर्डातला जुना सीआरपी डेसिलिटरवर असू शकतो. डेसिलिटरमागे ०.८ म्हणजे लिटरमागे ८. दोन कागद शेजारी ठेवून ‘०.८ वरून ८ झाला, दहापट वाढला’ म्हणून घाबरणारे नातेवाईक थोडे नाहीत.

आणि ३ च्या वर आला तर करायचं काय? स्टॅटिन नीट चालू आहे का, डोस पुरेसा आहे का, तंबाखू सुटली का, वजन-शुगर-बीपी कुठे आहे, हे तपासायचं. २००८ सालच्या जुपिटर चाचणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) फारसं नसलेल्या पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या लोकांना रोसुव्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ. दिलं, तेव्हा स्ट्रोकचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ते लोक मात्र आधी स्ट्रोक न झालेले होते. स्ट्रोक झालेल्याला गुठळीचा प्रकार पाहून स्टॅटिन तसंही द्यायचंच असतं, त्यासाठी सीआरपीच्या परवानगीची गरज नाही. सूज थेट मारावी म्हणून कोल्चिसिन हे गाऊटवरचं जुनं औषधही देऊन पाहिलं गेलं. २०२४ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. चान्स-३ मध्ये तर एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेलेच आठ हजारांहून जास्त चिनी पेशंट निवडले होते. तरी ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक होण्याचं प्रमाण घटलं नाही. युरोपातल्या कन्व्हिन्समध्येही मुख्य निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. त्यामुळे पॅकेजच्या रिपोर्टवर ‘अँटी-इन्फ्लमेटरी उपचारांचा विचार करावा’ अशी जी ओळ छापून येते, तिच्यामागे आज तरी भक्कम आधार नाही. कोल्चिसिन काही सुंठीचा काढा नव्हे. किडनी कमजोर असेल किंवा जोडीला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं.

सीबीसी आणि ईएसआर: स्वस्त, म्हणून दुर्लक्षित

या पॅकेजमधल्या स्वस्त तपासण्यांपैकी एक, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सर्वात जास्त सांगते. सीबीसीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन्ही पांढऱ्या पेशी असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की झाला ‘एनएलआर’. न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३ टक्के, भागाकार ६. स्ट्रोकनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, आणि हा भागाकार जितका मोठा तितकी पुढची वाटचाल अवघड, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण रेषा नेमकी कुठे मारायची यावर एकमत नाही. कोणी ३ म्हणतो, कोणी ५. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर भागाकार औषधानेच फुगतो. काही लॅब एनएलआरचे वेगळे पैसे लावतात. दोन आकड्यांच्या भागाकाराचे पैसे! मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही त्याच कागदावर मिळतात. तरुण पेशंट असेल तर विदर्भात एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सिकलसेल बघितला का? या भागात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि हा आजार लहान मुलांनाही स्ट्रोक देतो. सोल्युबिलिटी आणि एचपीएलसी या सिकलसेलच्या तपासण्या पॅकेजमध्ये नाहीत. नागपुरात विकायच्या पॅकेजमध्ये त्या नसणं खटकतं.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात त्याचा आकडा. त्याचा गोंधळही इथेच. लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर चिकटतात, म्हणून भराभर खाली बसतात. सूज जितकी जास्त तितकी चवड मोठी. सिकलसेलच्या विळ्याच्या आकाराच्या पेशींची चवड होतच नाही. सूज असूनही ईएसआर ४ किंवा ५ येतो आणि रिपोर्टवर छान हिरवी खूण होते. उलट साध्या अ‍ॅनिमियात तो विनाकारण चढतो. वयाप्रमाणेही वाढतो: पुरुषात वयाच्या निम्मा, बाईत वय अधिक दहा भागिले दोन, इथपर्यंत ठीक धरायचा. सत्तर वर्षांच्या काकाजींचा ३२ आला तर लाल बाण दाखवायचं कारण नाही. या रिपोर्टमध्ये मात्र सगळ्यांना एकच मर्यादा लावलेली आहे.

मग ईएसआर ठेवायचा कशाला? दोन प्रसंगांसाठी. पन्नाशीपुढच्या पेशंटला स्ट्रोक किंवा अचानक नजर जाणं, सोबत नवी डोकेदुखी, जेवताना जबडा दुखणं, कानशिलाला हात लावू न देणं, आणि ईएसआर शंभरच्या आसपास, तर तो जायंट सेल आर्टरायटिस (कानशिलाच्या धमनीची सूज) असू शकतो; स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं. दुसरा प्रसंग ताप, घाम, वजन घटलेलं, हृदयात मर्मर आणि चढलेले ईएसआर-सीआरपी. तेव्हा हृदयाच्या झडपेवर जंतूंची वसाहत असू शकते आणि गुठळी तिथून सुटलेली असते. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर आणि मग इको. या दोन ठिकाणी सुजेच्या आकड्याने उपचार खरोखर बदलतो. पॅकेजच्या पत्रकात या दोन्हींचा उल्लेखसुद्धा नाही.

होमोसिस्टीन: कामाचा आकडा, पण सगळ्यात हमखास बिघडणारा

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते वाढलं की धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, गुठळी सहज धरते. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल/लिटर ठीक. आपल्याकडे ते वाढण्याचं सर्वात नेहमीचं कारण बी-१२ ची कमतरता. शुद्ध शाकाहारी घर, त्यात वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी. तिन्ही मिळून बी-१२ खाली ओढतात. या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन आहे आणि बी-१२ नाही! म्हणजे धूर दाखवायचा, चूल नाही.

आता ते बिघडतं कसं ते बघा. रक्त नळीत गेल्यावरही लाल पेशी जिवंतच असतात आणि होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नळी तशीच राहिली तर खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण दहा टक्के वाढ होते. म्हणून नियम असा: रक्त काढलं की नळी थेट बर्फात, आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा. एकदा वेगळा झाला की मग घाई नाही.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी साडेसहाला मनीषनगरात पहिलं घर, मग बेसा, मग वर्धा रोडवर दोन, मग रामदासपेठेतली लॅब. चार तास तर सहज गेले. पिशवीत एक जेल पॅक, तोही सकाळी फ्रीजमधून काढलेला. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बाइकच्या डिकीचा हिशेब वेगळाच. खरा १२ असलेला आकडा अशा प्रवासात १६-१७ होऊन पोचतो, लाल बाण लागतो, आणि पेशंटला महिनाभर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. गोळ्या फारशा बाधणार नाहीत म्हणा, पण पुढच्या वेळी हिवाळ्यात लॅबमध्येच जाऊन रक्त दिलं की आकडा ‘सुधारतो’ आणि सगळे गोळीला श्रेय देतात.

म्हणून होमोसिस्टीनसाठी होम कलेक्शन घेऊच नका. पेशंटला नेता येत असेल तर जिथे सेंट्रिफ्यूज जागेवर आहे त्या लॅबमध्ये न्या. नेता येत नसेल तर शेवटचं घर म्हणून वेळ मागा, पहिलं नको. रात्री आठनंतर काही खायचं नाही, पाणी चालेल. सकाळचे तर्री-पोहे रक्त दिल्यावर. स्ट्रोकच्या पहिल्या दिवसांत होमोसिस्टीन खरं त्यापेक्षा कमी दिसतं, पुढच्या आठवड्यांत वर येतं. तेव्हा हेही दोन-तीन महिन्यांनीच.

वाढलेलं निघालंच तर अपेक्षा माफक ठेवा. २००४ ची व्हिस्प आणि २०१० ची व्हिटाटॉप्स, या दोन्ही चाचण्यांत बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन खाली आलं, पण पुन्हा होणारे झटके ठळकपणे घटले नाहीत. चीनमधल्या २०१५ च्या चाचणीत बीपीच्या गोळीबरोबर ०.८ मि.ग्रॅ. फॉलिक अ‍ॅसिड दिल्याने पहिला स्ट्रोक कमी झाला; तिथे पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळायची पद्धत नव्हती. बी-१२ खरंच कमी असेल तर मात्र ते भरून काढायचंच: नुसत्या स्ट्रोकसाठी नव्हे, पायाच्या मुंग्या, तोल आणि स्मरणशक्तीसाठीही. आणि फक्त फॉलिक अ‍ॅसिड देऊन बी-१२ विसरलं तर रक्त सुधारतं, नसा खराब होत राहतात.

फेरिटिन, फायब्रिनोजेन, आयएल-६ पटकन उरकू. ही नावं घराघरांत पोचली ती २०२०-२१ च्या कोविडात, आणि यंत्रं तेव्हापासून लॅबमध्ये आहेतच, ती चालवायला पॅकेज लागतात. फेरिटिन लोहही दाखवतं आणि सूजही, त्यामुळे स्ट्रोकनंतर दोन्हीपैकी कशाबद्दलच नीट बोलत नाही. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनची निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरायलाच हवी, २.७ मि.ली. रक्ताला ०.३ मि.ली. सायट्रेट, अर्धवट भरली तर आकडा चुकतो. आयएल-६ नळीत पडून राहिलेल्या पेशींमुळेही बदलतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आयएल-६ आणि फेरिटिन दोन्ही खोटे कमी येतात. दोन-तीन दिवस आधी त्या बंद करा. या तिन्हींच्या आकड्यावरून स्थिर पेशंटचं एकही औषध बदलत नाही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा अर्धा भाग

मूळ विज्ञान खोटं नाही, हे आधी मान्य करू. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के, पण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा त्यालाच लागतो. त्याच्या पेशींचं आवरण चरबीने भरलेलं. रक्त बंद पडलं आणि मग गुठळी निघून परत सुरू झालं की सुपरऑक्साइडसारख्या आक्रमक रेणूंचा लोंढा येतो, आवरणातली चरबी सडते, आणि त्या सडण्यातून एमडीए तयार होतं. एसओडी आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही त्यावरची आपली अग्निशामक दलं. कागदावर सगळं सुरेख.

गडबड मोजण्यात आहे. एमडीए मोजायची या पॅकेजमधली पद्धत थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिडची: नमुन्यात रसायन घालून ९५ अंशाला तापवायचं, गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. पण हा रंग नुसत्या एमडीएने येत नाही. साखर, बिलिरुबिन, सियालिक अ‍ॅसिड हेही त्याला हात लावतात. पेशंटला मधुमेह असेल, आणि लकव्याच्या पेशंटला तो बऱ्याचदा असतो, तर एमडीए ‘जास्त’. सुई नीट न लागल्याने रक्त फुटलं असेल तर ‘जास्त’. नमुना दोन दिवस साध्या फ्रीजमध्ये राहिला तर ‘जास्त’, कारण चरबी नळीतसुद्धा सडतेच. तीच गोष्ट एचपीएलसी या जास्त नेमक्या पद्धतीने मोजली तर आकडा कितीतरी कमी येतो, त्यामुळे दोन लॅबचे रिपोर्ट एकमेकांशी ताडता येत नाहीत.

एसओडीचं तर आणखी मजेशीर आहे. ते मोजतात लाल पेशींत. लाल पेशीला केंद्रक नसतं, ती नवं एन्झाइम बनवूच शकत नाही; अस्थिमज्जेतून निघताना जे घेऊन निघाली त्यावर १२० दिवस काढते. मग परवाच्या स्ट्रोकचा ताण तिच्यातल्या एसओडीत कसा दिसणार? दिसलाच तर गेल्या काही महिन्यांचा मिश्र हिशेब. शिवाय आकडा ‘दर ग्रॅम हिमोग्लोबिनला’ द्यावा लागतो. या रिपोर्टमध्ये नुसतं ‘युनिट/मि.ली.’ आहे. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईचा एसओडी पेशी कमी म्हणून कमी, की एन्झाइम कमी म्हणून कमी, ते त्यातून कळायला मार्गच नाही.

टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटीचा विनोद सर्वात क्रूर. प्लाझ्माच्या या ‘क्षमते’चा मोठा वाटा युरिक अ‍ॅसिडचा असतो. पेशंटची किडनी बिघडली, क्रिएटिनिन ३ झालं, युरिक अ‍ॅसिड ९ वर गेलं, की रिपोर्ट म्हणतो: अँटिऑक्सिडंट क्षमता उत्तम, हिरवा पट्टा.

या चार आकड्यांना एकत्र करून लॅब एक ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस स्कोअर’ काढते, गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र, काटा लाल भागात. हा स्कोअर त्या लॅबचा स्वतःचा. त्याचं सूत्र रिपोर्टमध्ये कुठेही नाही. आणि काट्याच्या खाली कॅप्सूलची शिफारस. खरा आक्षेप तिथे आहे. व्हिटॅमिन ई ने २०१० च्या एकत्रित विश्लेषणात गुठळीचा स्ट्रोक सुमारे १० टक्क्यांनी घटला, पण रक्तस्रावाचा २२ टक्क्यांनी वाढला. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटला ही कॅप्सूल ‘तशीही निरुपद्रवी’ म्हणून देणं बरोबर नाही. जी६पीडी हे लाल पेशींचं रक्षण करणारं एन्झाइम कमी असलेल्याला व्हिटॅमिन सी चा मोठा डोस लाल पेशी फोडू शकतो. दवाखान्यात दिलेलं एडाराव्होन हे जपानात २००१ पासून स्ट्रोकसाठी वापरात असलेलं औषध याच फ्री रॅडिकलवर काम करतं, पण ते सुरुवातीच्या दिवसांत सलाइनमधून देतात आणि एमडीए बघून देत नाहीत. त्याच जातीच्या एनएक्सवाय-०५९ या औषधाची गत बघा. २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत पास, २००७ च्या दुसऱ्या, आणखी मोठ्या चाचणीत सपशेल नापास.

सेवा

रक्त घेणाऱ्याचं कौशल्य चांगलं. सुई एकदाच, नळ्यांना लेबल पेशंटच्या खाटेशीच लावलं, नाव-वय विचारून. नळ्यांचा क्रमही बरोबर: आधी निळी, मग पिवळी, मग जांभळी. पट्टा मात्र शीर सापडेपर्यंत बांधून ठेवलेला. एका मिनिटापुढे गेला की रक्त दाटतं आणि प्रथिनांचे आकडे चढतात. जांभळी नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटायची, सरबतासारखी घुसळायची नाही. लकवा मारलेल्या हातातून रक्त देऊ नका, त्या हाताला सूज आणि रक्ताची मंद गती असते. दुसरा हात पुढे करा, आणि त्याला सलाइन चालू असेल तर ते तसं सांगा. आदल्या रात्री सावजीचा रस्सा झालेला असेल तर सीरम दुधासारखं गढूळ होतं आणि गढूळपणा वाचूनच चालणाऱ्या सीआरपीच्या यंत्राची पंचाईत होते.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत तीन तपासण्यांपुढे तारा (*) आहे. अर्थ: त्या एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेत बसत नाहीत. पहिल्या पानावर मात्र एनएबीएलचा शिक्का ठसठशीत. मान्यता लॅबला सरसकट नसते, तपासणीगणिक असते. कोणती तपासणी यादीत आहे ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येतं. आयएल-६ आणि ऑक्सिडेटिव्ह भाग ही लॅब नागपुरात करतच नाही, तो संध्याकाळच्या विमानाने बाहेर जातो. बाहेरच्या लॅबचं नाव रिपोर्टवर आहे, एवढी प्रामाणिकता मान्य. रिपोर्ट चौथ्या दिवशी.

काउंटरवर ‘पॅकेज फुटत नाही’ असं सांगतात. फुटतं. प्रत्येक तपासणीला स्वतंत्र कोड आणि स्वतंत्र दर असतो. स्ट्रोकला तीन महिने झालेल्या, ताप-जखम नसलेल्या पेशंटसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एवढंच लिहून घ्या: सीबीसी, एचएस-सीआरपी, बी-१२, होमोसिस्टीन, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, तरुण असेल तर सिकलसेल, नवी डोकेदुखी असेल तर ईएसआर. पैसे पॅकेजपेक्षा बहुतेक कमीच लागतात, आणि लागले जास्त तरी यातल्या प्रत्येक आकड्यावर डॉक्टर काहीतरी करू शकतात. होमोसिस्टीनच्या नावापुढे ‘बर्फात, एका तासात वेगळे करणे’ हे शब्द पेनाने लिहून घ्या. काउंटरवरची मुलगी ते वाचून आत जाऊन विचारून येते, आणि ती काय उत्तर घेऊन आली त्यावरून लॅब बदलायची की नाही ते तिथेच ठरवता येतं.